मन कोणत्या भाषेत तपासायचे?

पदवीला मानसशास्त्र हा विषय घेणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांत पुष्कळ जगप्रवास करतो. लाइपझिग येथे व्हुंटने १८७९ साली उभारलेल्या प्रयोगशाळेपासून त्याची सुरुवात होते. मग पाव्हलॉवचा कुत्रा, स्किनरचा उंदीर, एबिंगहाउसचा विस्मरण-वक्र, वॉटसनने १९२० साली पांढऱ्या उंदराची भीती घातलेले तान्हे बाळ, फ्रॉइडचे अबोध मन, पियाजेने मांडलेल्या विकासाच्या पायऱ्या, येल विद्यापीठात मिलग्रामने केलेले आज्ञापालनाचे प्रयोग आणि स्टॅनफर्डच्या तळघरातील १९७१चा लुटुपुटीचा तुरुंग असे मुक्काम घेत तो अपसामान्य मानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचतो. सोलापूरच्या महाविद्यालयांत हा विषय शिकणाऱ्या मुलामुलींचा प्रवासही याच मार्गाने होतो. परीक्षा संपते, गुणपत्रिका हाती पडते आणि ज्या शहरात राहून हे सारे वाचले, त्या शहराच्या मनाविषयी बहुधा एक ओळही लिहावी लागलेली नसते.

विज्ञानाला गाव नसते, असे यावर कोणी म्हणेल. पदार्थविज्ञानापुरते ते खरे आहे. गुरुत्वाकर्षण बोस्टनमध्ये एक आणि बार्शीत दुसरे असे होत नाही. मानसशास्त्राला मात्र ही सवलत घेता येत नाही, हे आता त्या शास्त्राचे पाश्चात्त्य अभ्यासकच सांगू लागले आहेत. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की, मानवी मनाविषयीचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांतील लोकांवरून, त्यातही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवरून काढले गेले. आघाडीच्या नियतकालिकांतील ९६ टक्के प्रयोगव्यक्ती ज्या देशांतील होत्या, त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात शंभर प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा सुमारे ३६ टक्केच मूळ निष्कर्षाप्रमाणे टिकले. स्टॅनफर्डच्या तुरुंगातील ‘पहारेकऱ्यांना’ कठोर वागण्याची शिकवण आधीच दिली गेली होती, हेही पुढे उघड झाले. पाठ्यपुस्तके मात्र अजून तोच तुरुंग दाखवीत आहेत.

पण पश्चिमेचे प्रयोग डळमळले म्हणून आनंद मानण्यासारखे यात काही नाही. त्यांचे प्रयोग चुकतात, कारण ते प्रयोग करतात. प्रश्न आपल्या अंगणात काय केले जाते हा आहे, आणि या दृष्टीने सोलापूरकडे पाहिले की मन अस्वस्थ होते.

महाराष्ट्रात असे दुसरे शहर शोधावे लागेल. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने सोलापूर ओळखले जाते, त्या बाराव्या शतकातील शिवयोग्याची वचने कन्नडमध्ये आहेत आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या नंदीध्वजांमागे मराठी, कन्नड, तेलुगू अशा साऱ्याच घरांतील माणसे चालतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग गजबजता केला. त्यांच्या मागावरील चादरीने सोलापूरचे नाव देशभर नेले; घरातील भाषा मात्र तेलुगूच राहिली. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कित्येक उंबऱ्यांच्या आत कन्नड आणि बाहेर मराठी आहे. बाजारात दखनीही कानी पडते. दहा वर्षांचे पोर आजीशी एका भाषेत, गुरुजींशी दुसऱ्या भाषेत आणि दुकानदाराशी तिसऱ्या भाषेत बोलते आणि यात आपण काही विशेष करीत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. भाषा आणि मन यांचा संबंध अभ्यासू पाहणाऱ्याला अशी सिद्ध प्रयोगशाळा पैसे देऊन मिळणार नाही.

त्या प्रयोगशाळेत पदवीच्या प्रात्यक्षिकाचा साधा तास कसा वेगळा होऊ शकतो, ते पाहावे. एबिंगहाउसच्या पद्धतीने स्मृतीचा प्रयोग करताना प्रयोगव्यक्तीला निरर्थक शब्दांची यादी पाठ करायला देतात. शब्दाला अर्थ नसावा हीच त्या प्रयोगातील अट, कारण अर्थ आला की आठवणे सोपे होते. आता मराठी मुलांसाठी केलेल्या यादीत ‘हालु’ आणि ‘इल्लु’ हे दोन शब्द आले असे समजू. मराठी घरातील मुलाला दोन्ही निरर्थक. कन्नड घरातील मुलाला ‘हालु’ म्हणजे दूध. तेलुगू घरातील मुलाला ‘इल्लु’ म्हणजे घर. यादी एकच, पण तीन मुले तीन वेगळे प्रयोग देत आहेत आणि वहीत मात्र ‘स्मृतीतील व्यक्तिभेद’ असा एकच निष्कर्ष लिहिला जाणार. हा दोष हेरायला परदेशी यंत्र लागत नाही. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीच्या घरी काय बोलतात, हे विचारण्याची सवय लागते.

वहीतील चुकीने कोणाचे नुकसान होत नाही. तीच चूक मुलाच्या बुद्धीचे मोजमाप करताना झाली तर होते. बुद्धिमापनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. आठच वर्षांनी हेन्री गॉडर्ड यांनी तीच चाचणी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नेली आणि बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजी न समजणाऱ्या माणसांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले. १९१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन व्यक्तींपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोक मंदबुद्धी ठरले! शास्त्राच्या नावाखाली झालेला हा अन्याय परक्या भाषेतून आणि परक्या परिस्थितीतून आला होता.

या पार्श्वभूमीवर डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे काम किती मोलाचे होते, ते ध्यानी येते. १९३०च्या दशकात, तत्कालीन मुंबई इलाख्याच्या धारवाड परिसरात, त्यांनी बिने यांच्या चाचणीची स्टॅनफर्ड आवृत्ती हाती घेतली. ती नुसती भाषांतरित करून ते थांबले नाहीत. इकडच्या मुलांना अपरिचित वाटतील असे प्रश्न बदलले, चाचणीची मराठी आणि कन्नड अशी दोन रूपे सिद्ध केली, इथल्याच मुलांवर ती पडताळली आणि कोणता प्रश्न कोणत्या वयाला साजेसा हे नव्याने ठरवले. १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत’ या जोडनावाने ती चाचणी देशभर ओळखली जाते आणि तीन वर्षांच्या मुलापासून बावीस वर्षांच्या तरुणापर्यंत ती आजही रुग्णालयांत व मार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. पारतंत्र्याच्या काळात, संगणक नसताना, हाताशी फारसे साहाय्य नसताना एका अभ्यासकाने दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून हे केले. मराठी आणि कन्नड या दोन भाषा जिथे एकाच गल्लीत नांदतात, त्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला बिने यांचे नाव ठाऊक असते. कामतांचे किती जणांना ठाऊक असते?

कामतांचा गौरव करून विषय संपत नाही. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. बुद्धिमापनाची प्रमाणके शिळी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की पिढीगणिक सरासरी गुण वाढत जातात, त्यामुळे जुन्या मापाने आजचे मूल मोजले तर आकडा फसवतो. कामतांची मुळातील प्रमाणके ऐंशी वर्षांहून जुनी आहेत. शिवाय पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराच्या घरातील, तेलुगूत विचार करणाऱ्या मुलाला मराठी चाचणी दिली, तर जे मोजले जाते ती त्याची बुद्धी की त्याचे मराठी? अपंगत्वविषयक २०१६च्या कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आणि महाराष्ट्रात तर शालान्त परीक्षेसाठी अशा मुलांना १९९६ पासूनच सवलती मिळू लागल्या. म्हणजे चाचणीच्या निकालावर मुलाचे पुढचे शिक्षण अवलंबून आहे. ज्याला मदतीची गरज आहे तो भाषेच्या आडून सुटू शकतो आणि ज्याला काहीही झालेले नाही त्याच्या कपाळी ‘मंद’ असा शिक्का बसू शकतो. कपाळावरचा असा शिक्का पुसायला एक आयुष्य पुरत नाही.

चाचण्या आपल्या भाषेत घडवता येतात, हे महाराष्ट्राला नवे नाही. १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करणारे डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या बुद्धीच्या प्रारूपावर आधारित मराठी चाचण्या प्रबोधिनीने वर्षानुवर्षे खपून तयार केल्या. परकीय विचार नाकारायचाही नाही आणि जसाच्या तसा गिळायचाही नाही, ही अप्पांची दृष्टी होती. प्रबोधिनीचे केंद्र सोलापुरातही आहे. सोलापूरच्या महाविद्यालयांना आधार शोधायला फार लांब जावे लागू नये.

बहुभाषिकता ही अडचण नसून संपत्ती आहे, याचे शास्त्रीय पुरावेही याच देशातून पुढे आले. ओडिशातील कंध मुलांवर अजित मोहंती यांनी केलेल्या अभ्यासांत, कुई आणि ओडिया अशा दोन्ही भाषा बोलणारी मुले भाषेविषयी विचार करण्याच्या कसोट्यांत एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरली. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती, आणि हा फरक निरक्षरांमध्येही दिसला. तेलुगू आणि दखनी हैदराबादेत बोलल्या जातात तशा सोलापुरातही बोलल्या जातात. इथे तर मराठी-कन्नडची भर आहे. जगाने दखल घेतलेला निबंध तीनशे किलोमीटरवर लिहिला गेला आणि सोलापूरच्या वाट्याला त्याचे वाचनही येऊ नये, हे खटकते.

सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकात गर्दीवर एक प्रकरण असते. माणूस गर्दीत शिरला की विवेक गमावतो, हे ल बॉन यांचे १८९५चे मत तिथे हमखास भेटते. सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याने हे वाक्य आषाढात वाचावे आणि मग पंढरपूरच्या वाटेवर जाऊन उभे राहावे. लाखोंच्या त्या गर्दीत दिंडीचा क्रम मोडत नाही, रिंगणात घोडा धावतो तेव्हा माणसे आपोआप मागे सरतात, अनोळखी माणूस अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून हाक मारतो. ल बॉनचे वाक्य इथे लागू पडते का? प्रयागच्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून नेमका हाच प्रश्न विचारला. मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर कल्पवासींच्या मुलाखती घेतल्या, मेळ्याला न गेलेल्या त्यांच्याच भागातील लोकांशी तुलना केली, आणि थंडी, गोंगाट, गैरसोय सोसूनही कल्पवासींचे स्वास्थ्य सुधारल्याचे २०१२ साली प्रसिद्ध केले. श्रद्धेचा गौरव करण्यासाठी तो अभ्यास केलेला नव्हता. निष्कर्ष उलटा आला असता तरी तो छापला गेला असता, म्हणूनच त्याचे मोल आहे. वारीच्या वाटेवरील तालुक्यांतून दरवर्षी शेकडो मुले कला शाखेत प्रवेश घेतात. त्यांच्या हाती अशी प्रश्नावली कधी पडणार?

आणखी एक नाव सांगण्याजोगे आहे. ‘बोधात्मक विसंगती’ हा लिऑन फेस्टिंगरचा १९५७चा सिद्धांत प्रत्येक पदवीधर पाठ करतो. त्या सिद्धांताचे बीज फेस्टिंगरला कुठे सापडले? १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. ज्या भागात धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, तिथे याहून मोठी आपत्ती येणार अशा अफवा पसरल्या, हे जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवले आणि १९३५ साली प्रसिद्ध केले. घाबरलेली माणसे भीती वाढवणाऱ्या अफवा का पसरवतील, या कोड्याने फेस्टिंगर विचारात पडला. आपल्या भीतीला कारण मिळावे म्हणून, असे उत्तर त्याने दिले. निरीक्षण बिहारचे, सिद्धांत अमेरिकेचा आणि पाठांतर पुन्हा आपले! ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापूरही हादरले. घरे शाबूत राहिलेल्या गावांत त्या आठवड्यांत काय बोलले जात होते, हे वह्यांत उतरवून घेणारा एखादा वर्ग तेव्हा असता, तर त्या नोंदी आज कोणत्याही विद्यापीठाने मागून घेतल्या असत्या.

इथे एका सोप्या पळवाटेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० पासून भारतीय ज्ञानपरंपरेचा आग्रह धरला, ते स्वागतार्हच आहे. योगसूत्रांतील चित्तवृत्तींचा विचार पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे. परंतु पतंजलींचे एक प्रकरण पुस्तकाच्या शेवटी जोडले की अभ्यासक्रम भारतीय झाला, अशी समजूत होऊ लागली तर ती आत्मवंचना ठरेल. सारे आमच्याकडे आधीच होते, असे म्हणणाऱ्यांनी त्यातील किती पडताळून पाहिले, हा प्रश्न विचारणे म्हणजे परंपरेचा अवमान नव्हे. २००२ साली पुदुच्चेरी येथे जमलेल्या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी या देशाच्या विचारधनातून मानसशास्त्र उभे करण्याचा जाहीरनामा काढला होता. तो जाहीरनामा खरा व्हायचा तर सूत्रांच्या पाठांतराइतकेच पूर्व भागातील आजीबाईंच्या बोलण्यालाही अभ्यासाचा विषय मानावे लागेल.

कारण दुःख बोलीत सांगितले जाते. ‘बेजार’ हा एकच शब्द घ्या. मराठी बाई ‘बेजार झाले’ म्हणते तेव्हा ती त्रासलेली, जेरीस आलेली असते. कन्नड बोलणारी ‘बेजारु’ म्हणते तेव्हा तिला उदास, खिन्न वाटत असते, किंवा नुसता कंटाळा आलेला असतो. समुपदेशकाला हा फरक ठाऊक नसेल, तर खोल गेलेले नैराश्य नेहमीचे रडगाणे समजून सोडून दिले जाईल. ‘अवसाद’, ‘चिंताविकृती’ ही परिभाषा परीक्षेला हवीच. दारात आलेले माणूस मात्र ‘जीव लागत नाही’, ‘डोके जड झाले’, ‘छातीत धडधडते’ एवढेच सांगते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा वीस भाषांत चालते, त्यामागे हीच जाण आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला आणि बहुसंख्य रुग्ण उपचारापर्यंत पोहोचतच नव्हते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या, विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या या जिल्ह्याचे चित्र त्या आकड्यावरून कसे काढणार?

पदवीधराने लगेच उपचार करू लागावे, असे कोणी सुचवणार नाही. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला पुढचे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ते योग्यच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून मानसशास्त्राचे दूरस्थ वर्ग बंद केले, त्यामागेही हाताखाली काम करून शिकण्याचा आग्रह आहे. पण पदवीधर आणि तज्ज्ञ यांच्यामधली जागा रिकामी नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातीलच माणसांना प्रशिक्षण देऊन राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तिथे जी माणसे कामाला आली त्यांची पहिली पात्रता, गावाची भाषा येणे, ही होती. ती पात्रता सोलापूरच्या विद्यार्थ्याजवळ जन्मतः आहे. पदवीने तिला किंमत दिलेली नाही एवढेच.

१ ऑगस्ट २००४ रोजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. त्याला उत्तर द्यायला मानसशास्त्रासारखा दुसरा विषय नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने घरात मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या पाच मुलांवर एक स्मृतिप्रयोग करावा, एका वृद्धाकडून मनाच्या दुखण्याचे घरगुती शब्द लिहून घ्यावेत, वारीच्या किंवा गड्ड्याच्या दिवसांत एक निरीक्षण नोंदवावे. दहा वर्षांत हजारो नोंदी जमतील आणि कामतांच्या चाचणीची तेलुगू-मराठी आवृत्ती करू पाहणाऱ्या संशोधकाला कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागणार नाही. यासाठी नवी इमारत नको, परदेशी अनुदान नको. जिल्हा एकच, विद्यापीठ एकच, आणि ठरवणारे अभ्यास मंडळही एकच. येत्या सत्रापासून प्रात्यक्षिकाच्या वहीत ही चार पाने वाढवायची, एवढाच ठराव त्याच्यापुढे यायचा आहे.